एका वेळी एकच दार

मी ढोल्या बोलतोय. असे दचकू नका. मघाशी ज्याच्या काळ्याभोर पोटाला टेकून तुम्ही फोटो काढलात, तोच मी. पाठीला थोडा रंग लागला असेल. माझा रंग कितीही वाळला तरी थोडा हाताला येतोच, त्याला माझा इलाज नाही.

मी वाफेची कोठी आहे. आडवं निजवलेलं एक अजस्र लोखंडी पिंप डोळ्यांसमोर आणा. दोन्ही टोकांना एकेक गोल दार, आणि आत एखादी मोटार सहज उभी राहील एवढी जागा. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या कपाळावर पितळेची पाटी होती आणि तिच्यावर चांगलं भारदस्त नाव होतं. ते इथे कुणी एकदाही उच्चारलं नाही. मला जहाजातून उतरवताना दोरखंड तुटायच्या बेताला आले, तेव्हा धक्क्यावरचा मुकादम घाम पुसत ओरडला, "काय ढोल्या आहे रे हा!" झालं, माझं बारसं उरकलं.

माझा जन्म मोठ्या गोंगाटातला. तापून लाल झालेले रिव्हेट ठोकठोकून कामगारांनी माझे पत्रे एकमेकांना जोडले. दिवसभर कानठळ्या बसवणारा ठणठणाट चालायचा. तेव्हापासून मला ठोक्यांची भाषा कळते. कोण रागाने मारतंय, कोण चाचपून बघतंय, कोण नुसता येता-जाता लाडाने थापटतंय, हे मी लगेच ओळखतो.

मला जिथे आणलं ते ठिकाण म्हणजे बंदराच्या तोंडाशी समुद्रात घुसलेली खडकाळ जमीन. तिन्ही बाजूंनी पाणी. दूरवरून आलेल्या जहाजावर कुणी तापाने फणफणलेलं असलं, कुणाच्या अंगावर पुरळ असलं, की ते जहाज गावाच्या धक्क्याला लागायचंच नाही. पिवळं निशाण चढवून आमच्यासमोर नांगर टाकायचं. उतारूंना होड्यांतून इथे आणायचे. त्यांनी औषधी साबणाने आंघोळ करायची, अंगावरचे कपडे आणि अंथरुणं-पांघरुणं आमच्या हवाली करायची, आणि अंगात आजार नाही याची डॉक्टरांना खात्री पटेपर्यंत इथेच मुक्काम ठोकायचा. याला क्वारंटाइन म्हणतात, हे आता तुम्हाला कुणी शिकवायला नको. तुम्हीही ते भोगलंय.

इथे आधी मला बसवलं आणि मग माझ्याभोवती भिंत बांधली. अशी भिंत की इमारतीच्या मधोमध निघाली ती अंगण ओलांडून थेट खडकांपर्यंत गेली. टोकाला एक फाटक आणि फाटकावर पहारेकरी. भिंतीच्या अलीकडे एक जग, पलीकडे दुसरं. जहाजावरून आलेलं सगळं ज्या बाजूला यायचं तिला कामगार मळकी बाजू म्हणत, आणि वाफवून निघालेलं जिथे जायचं ती धुतली बाजू. मी बरोबर भिंतीत. एक तोंड मळकीकडे, एक धुतलीकडे.

माझं काम सांगायला सोपं आहे. मळक्या बाजूने जाळीच्या गाड्यात कपडे भरून रुळांवरून आत ढकलायचे. दार लावून त्याचं चाक पिळून घट्ट करायचं. मग बॉयलरमधली वाफ माझ्या पोटात सोडायची. आत असा उकाडा व्हायचा की कसलाही आजाराचा जंतू जिवंत राहायची बिशाद नव्हती. पुरेशी वाफ खाऊन झाली की धुतल्या बाजूचं दार उघडायचं आणि गाडा तिकडे ओढून घ्यायचा.

पण खरी गंमत आहे ती माझ्या पोटाखालच्या दांड्यात. माझी दोन्ही दारं एका लोखंडी दांड्याने एकमेकांशी बांधलेली आहेत. एक दार उघडलं की दांडा सरकतो आणि दुसऱ्या दाराचं चाक जाम होतं. मग तुम्ही पहिलवान असा नाहीतर लाटसाहेब असा, ते फिरत नाही. मळक्या बाजूची हवासुद्धा धुतल्या बाजूला जाऊ नये म्हणून ही सोय. मला बसवणारा फिटर नव्या माणसांना काम शिकवताना एवढंच म्हणायचा, "एका वेळी एकच दार. बाकी सगळं विसरलात तरी चालेल."

माणसं मात्र भारी. वाफेत चामडं घालू नका, ते आक्रसतं, असं शंभरदा ओरडून सांगितलं तरी एखादे रुबाबदार गृहस्थ आपले किमती बूट चोराला मिळू नयेत म्हणून गादीत लपवायचेच. पलीकडे गाडा निघाला की गादीतून बाहुलीच्या मापाचे बूट बाहेर पडायचे. मग केवढा थयथयाट! आणि पलीकडेच एखादी बाई आपल्या पोराचं झबलं मिळालं म्हणून ते गरम गरम गालाला लावून उभी असायची. एकाच गाड्यातून निघालेल्या दोन वस्तू आणि दोन तऱ्हेची माणसं. मी हे पाहत राहायचो. मी लोखंड आहे, मला कामाचं अप्रूप नव्हतं. मला अप्रूप माणसांचं वाटायचं आणि अजून वाटतं.

त्यातल्या दोघांची गोष्ट मला सांगायची आहे. माझ्या मळक्या तोंडाशी जो माणूस कामाला होता त्याला सगळे फुंकर म्हणत. गरम चाकाला हात लावण्याआधी तो त्यावर फुंकर मारायचा. एवढ्या मोठ्या लोखंडी चाकावर फुंकर मारून काय होणार? पण सवय ती सवय. धुतल्या बाजूला त्याची बायको होती. ती वाफवलेले कपडे झटकून, उन्हात टाकून, त्यांच्या घड्या घालायची, म्हणून ती घडीवाली. मळक्या बाजूच्या माणसाने जहाज मोकळं होईपर्यंत धुतल्या बाजूला जायचं नाही, असा नियम होता. त्यामुळे नवरा-बायकोची गाठ पडायची ती जहाजं नसतील तेव्हा. एरवी त्यांच्यामध्ये मी.

दोन्ही बाजू एकमेकांना दिसत नसल्यामुळे कामाचे इशारे माझ्या पोटावर ठोकून दिले जायचे. मळक्याने पान्याने दोन टोले दिले की समजायचं, दार लागलं, वाफ सोडा. धुतल्याकडून दोन टोले आले की गाडा मिळाला. फुंकर मात्र आपले दोन टोले देऊन झाले की जरा थांबून एक हलकाच टोला जास्तीचा द्यायचा. त्याचा कामाशी काही संबंध नव्हता. पलीकडून तसाच एक हलका टोला यायचा. इथला मुकादम म्हणायचा, "काय रे, ढोल्याच्या पोटात चिठ्ठ्या टाकता काय?" दोघंही ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

मग ते देवीच्या साथीचं जहाज आलं. मळक्या बाजूला हलकल्लोळ झाला. दवाखान्याच्या खाटा भरल्या, जमिनीवर माणसं निजवली. गाड्यांमागून गाडे माझ्या पोटात जात होते. फुंकर जेवायलाही बसत नव्हता. आणि एका दुपारी त्याच्या टोल्यांवरून मला कळलं की याच्या हाताला जोर नाही. त्याने तळहात माझ्या पत्र्यावर टेकवला. वाफ मी कोळून प्यायलोय, पण तो हात मला कढत लागला.

त्याला ताप होता आणि कसला ते त्याला माहीत होतं. डॉक्टरांनी त्याला लगेच दवाखान्यात चालायला सांगितलं. तो "येतो" म्हणाला. तेवढ्यात बातमी भिंतीपलीकडे गेली. वाईट बातमीला कुठली भिंत अडवते? घडीवाली हातातली चादर टाकून धावली. आधी फाटकाकडे गेली, पहारेकऱ्याने तिला परत फिरवलं. मग ती माझ्याकडे आली. मी रिकामा होतो, गार होतो. माझ्या पोटातून ओणवं होऊन पळत गेलं की पलीकडे नवरा. तिच्या मनात काय आहे हे तिच्या पावलांवरूनच मला समजलं. फुंकरलाही समजलं असणार, कारण ती पोचायच्या आत त्याने एक गोष्ट केली.

त्याने माझं मळकं दार सताड उघडलं आणि त्याच्या उंबऱ्यावर पाठ टेकून बसला.

घडीवालीने आपल्या दाराचं चाक धरलं. फिरेना. तिने अंगातलं सगळं बळ लावलं, पदर कमरेला खोचून लावलं, फिरेना. "दार लावा हो तिकडचं! दार लावा!" ती ओरडत होती. आवाज माझ्या पोटातून फिरून त्याच्यापर्यंत जात होता. तो डोळे मिटून बसला होता आणि एक पाय त्याने दाराला असा लावून ठेवला होता की वाऱ्यानेसुद्धा ते लागू नये.

बऱ्याच वेळाने तिने चाक सोडलं. तिला उमगलं होतं. रोज त्या दांड्यावर काम करणारी बाई ती, तिला कसं उमगणार नाही? तिने कपाळ माझ्या दाराला टेकवलं आणि बोटाच्या पेराने एक हलकाच टोला दिला. त्याने मागे हात नेऊन तसाच एक दिला. मग तो उठला आणि दवाखान्याकडे चालत गेला. तिथून तो परत आला नाही. घडीवालीच्या पोटात तेव्हा मूल होतं. ते धडधाकट जन्माला आलं आणि पुढे याच अंगणात, घड्यांच्या ढिगांवर उड्या मारत मोठं झालं.

मी कितीतरी जहाजं पाहिली, वादळं पाहिली, एकदा तर बॉयलर फुटता फुटता राहिलेला पाहिला. पण माणूस एवढा मोठा असू शकतो, हे मी त्या दुपारी पाहिलं. मी थक्क झालो तो अजून थक्कच आहे.

पुढचं थोडक्यात सांगतो. लसी आल्या, नवी औषधं आली. माणसं जहाजं सोडून विमानांनी जायला लागली. पिवळी निशाणं येईनाशी झाली. एक दिवस बॉयलर विझवला तो कायमचा. घडीवालीही कधीतरी म्हातारी होऊन गेली. माझ्या पोटात पाकोळ्यांनी घरटी केली. खाऱ्या वाऱ्याने माझी कातडी सोलून काढली. भंगारवाला येऊन माझ्या पोटावर टिचकी मारून भाव सांगून गेला, त्याचा मला अजून राग आहे. सुदैवाने कुणालातरी हे ठिकाण जपावं असं वाटलं. मला खरवडलं, रंगवलं, माझ्या चाकांना तेल दिलं, दांडाही मोकळा केला. आणि मग पाहुणे यायला लागले.

त्यांना सगळं दाखवायला एक गाइडताई आहे. गोड बाई. घसा बसला तरी सांगायची थांबत नाही. पण माझ्याशी आली की ती फुंकरची गोष्ट सांगते आणि दर वेळी चुकीची सांगते. ती म्हणते, "बिचाऱ्याला बायकोला भेटायचं होतं. त्याने इकडचं दार उघडलं. पण तापाच्या भरात तो विसरला, की एक दार उघडं असलं की दुसरं उघडत नाही. दोघं दोन बाजूंनी दारं ओढत राहिले आणि भेट काही झाली नाही." लोक चुकचुकतात. "अरेरे, साधं दार लावायचं सुचलं नाही!" म्हणतात. तिचा तरी काय दोष? ज्यांनी लांबून पाहिलं त्यांनी जसं सांगितलं तसं ते तिच्यापर्यंत आलं. पण माझ्या फुंकरला लोकांनी विसरभोळा ठरवावं? मी ओरडून सांगितलं असतं, पण मला दारं दोन असली तरी जीभ नाही.

अशात गेल्या आठवड्यात अकरावीचा एक वर्ग सहलीला आला.

होडीतून उतरतानाच केवढा कालवा! कुणी भुकेलेलं, कुणाला होडी लागलेली, कुणाचा फोन पाण्यात पडता पडता वाचलेला. त्यांचे इतिहासाचे सर पुढे. उंच, थोडे वाकलेले, बोलायला मऊ. वर्गात सरांची स्वतःची मुलगीही होती. हे मला कसं कळलं? माझ्या दाराशी दोघी मैत्रिणी कुजबुजत होत्या.

"ही घरीसुद्धा त्यांना सर म्हणते म्हणे."

"काय सांगतेस! का?"

"तिची आई त्या साथीत गेली ना. घरातच होती, आतल्या खोलीत. शेवटी हिला हाका मारत होती, पण सरांनी हिला दारापाशीसुद्धा जाऊ दिलं नाही. तेव्हापासून बाबा म्हणणं बंद. कामापुरतं बोलते."

"बाप रे."

मी त्या मुलीला शोधलं. ती सगळ्यांच्या मागे, भिंतीवरच्या जुन्या कोरीव नावांवर बोट फिरवत उभी होती. अडकून पडलेल्या उतारूंनी कोरलेली ती नावं. सर दुरून तिच्याकडे बघायचे आणि तिने मान वळवली की नजर काढून घ्यायचे. वर्गातल्या सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या, टोप्या, डबे यांची त्यांनी चौकशी केली, पण तिला काही विचारायचं धाडस त्यांना झालं नाही.

गाइडताईने वर्गाची वाटणी केली. अर्धे सरांबरोबर मळक्या बाजूला, अर्धे आपल्याबरोबर धुतल्या बाजूला. मुलगी अर्थातच ताईबरोबर आली. ताईने माझं धुतलं दार उघडलं आणि मुलांना आत सोडलं. आत शिरेपर्यंत धांगडधिंगा होता. मग एकाने "ओ" केलं, माझ्या पोटाने तो आवाज जाडा करून त्याला परत दिला, आणि सगळे एकदम गप्प झाले. नेहमी असंच होतं. वर्गातला सगळ्यात आडदांड मुलगा माझ्या पत्र्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "इथे किती जणांचे कपडे आले असतील रे. कुठल्या कुठल्या गावांचे." कुणी त्याची टिंगल केली नाही. पलीकडच्या मुलांना ताईने त्यांचं चाक फिरवायला सांगितलं. चार जणांनी लटकून पाहिलं, ते तसूभर हललं नाही. ताई हसून म्हणाली, "बघा! एका वेळी एकच दार."

मग तिने पलीकडेही ऐकू जाईल अशा आवाजात फुंकरची गोष्ट सांगितली. जशी नेहमी सांगते तशीच. मुलं हळहळली आणि आंघोळीच्या खोल्या बघायला ताईच्या मागे गेली. पलीकडचीही सरांनी पुढे पाठवली.

मुलगी मात्र माझ्या उंबऱ्याशीच राहिली. ती खाली वाकून दांडा बघत होती. तो कुठून निघतो, कुठे अडकतो, हे तिने बोटाने पुन्हा पुन्हा पडताळून पाहिलं. मग ती आत शिरून माझ्या काळोख्या टोकाशी, मळक्या दारापाशी येऊन बसली. त्याच वेळी त्या दाराचं चाक बाहेरून कुरकुरलं.

"ते उघडणार नाही," ती म्हणाली. "माझ्याकडचं उघडं आहे."

चाक थांबलं. मग आवाज आला, "तू आहेस का आत?"

"हो, सर."

"सगळे पुढे गेले. तूही जा. काळोख असेल तिथे."

"ताईंनी चुकीचं सांगितलं."

"काय?"

"तो माणूस विसरला नव्हता. रोज हेच काम करणारा कसा विसरेल? तिने आत येऊ नये असं त्याला वाटत होतं. म्हणून त्याने स्वतःचं दार उघडं टाकलं. ते उघडं असेपर्यंत तिचं उघडूच शकत नाही." तिने दाराला तळहात टेकवला. "त्याने दार उघडून तिला बाहेर ठेवलं."

काय सांगू तुम्हाला! जुनं लोखंड शहारतं का? मी शहारलो. एवढी शिकलेली, एवढी मोठी माणसं माझ्या पोटातून गेली. आणि या पोरीने फुंकरला त्याचं मोठेपण परत दिलं. पण मला फार वेळ आनंद करता आला नाही, कारण बाहेर सर खाली बसले होते. त्यांची पाठ माझ्या दाराला टेकल्याचं मला जाणवलं.

"सर?"

"तुझ्या आईनंही तेच केलं," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"दार मी लावलं नव्हतं गं. तिनं लावून घेतलं होतं. आतून."

"खोटं." तिचा आवाज माझ्या पोटात घुमला. "मी पाहिलंय. तुम्ही दाराला पाठ लावून बसला होतात. आत्ता मी मोठी झालेय म्हणून काहीही सांगाल? ती हाका मारत होती. मी तुमचे हात ओढले, चावले मी तुम्हाला. तुम्ही हलला नाहीत."

"बसलो होतो. पण तू आठवून बघ. त्या दाराला बाहेर कडी होती का?"

मुलीचं बोट माझ्या दारावर कडीची जागा शोधत फिरलं. 

"नव्हती," ती अगदी हळू म्हणाली. "कधीच मोडली होती. नुसती भोकं होती. मी त्यांत कागदाचे बोळे कोंबायचे."

"हं."

"मग तुम्ही का बसला होतात तिथे?"

"दुसरं कुठे बसू? मीही तिला उघड म्हणून विनवत होतो. तू नसताना. मलाही घेतलं नाही तिनं आत. खिडकीतून ताट ठेवायचो तेवढंच."

"मग सांगितलं का नाहीत? इतकी वर्षं?"

 सर माझ्याशीच बोलत असल्यासारखे बोलले. "तिनं शपथ घातली होती. मला म्हणाली, आईनं आपल्याला बाहेर ठेवलं असं पोरीला जन्मभर वाटायला नको. तुझ्यावर रागावू दे तिला. तू आहेस तिची समजूत काढायला. मी नसेन." मग म्हणाले, "मला काही तुझी समजूत काढता आली नाही."

मुलगी रडत होती, पण आवाज होऊ देत नव्हती. "मग हाका का मारत होती? यायचं नव्हतं मी, तर हाका का मारायच्या?"

"तुझा आवाज ऐकायला. तू ओ दिलीस की कान देऊन ऐकायची, तुला खोकला झालाय का ते. मला खिडकीतून विचारायची, बरी आहे ना रे ती, आवाज कसा वाटतोय? घसा तर बसला नाही?"

"पण शेवटी मी ओसुद्धा दिली नाही. मी नुसती रडत होते. तुम्हाला शिव्या देत होते."

"ऐकलं तिनं ते. तुला पुढच्या खोलीत कोंडून मी बाहेर खिडकीशी गेलो होतो तेव्हा. हसली होती. म्हणाली, घसा खणखणीत आहे बघ पोरीचा. काही झालेलं नाही तिला. मग डोळे मिटले. त्यानंतर तिनं हाक मारली नाही."

आता मात्र ती मोठ्याने रडली. गळा काढून, लहान मुलीसारखी. वाफेसारखा कोंडून ठेवलेला इतका मोठा आवाज माझ्या पोटात आजवर कधी घुमला नव्हता. बाहेर सर उठून चाकाशी झटत होते. शहाणा माणूस, पण दांडा आहे हे विसरला. दोन्ही हातांनी चाक पिळत होता आणि म्हणत होता, "थांब, मी येतो, मी येतो."

"बाबा, ते नाही उघडणार," ती रडता रडता म्हणाली. "असे नका ओढू, लागेल तुम्हाला."

तो शब्द ऐकून सरांचे हात चाकावरच थांबले.

"मी बाहेर जाऊन माझं दार लावते," ती म्हणाली, "मग तुमचं उघडेल." मग तिचं तिलाच कळलं. "पण मग माझं उघडणार नाही."

 त्या वेळी मला स्वतःची लाज वाटली. मला बनवलंच आहे ते असं की माझ्यातून दोन माणसं भेटू नयेत. इतकी वर्षं त्याचाच मला ताठा होता. पण त्या दोघांना वाट माझ्याआधी सुचली.

"भिंतीला टोक असेल ना?" मुलगी म्हणाली.

"आहे. पाण्याकडे."

"मग तिकडे या."

ती माझ्या पोटातून उडी मारून बाहेर पडली. मला डोळे आहेत ते दोन दारांपुरते, अंगणातलं मला दिसत नाही. पण भिंत माझ्यात रुतलेली असल्यामुळे तिच्या दोन्ही अंगांची पावलं मला ऐकू येतात. एका बाजूने तिचे बूट पळत होते, भरभर, मध्येच ठेचकाळत. दुसऱ्या बाजूने सरांच्या चपला. त्या आधी चालत होत्या, मग त्यांनीही धाव घेतली. दोन्ही आवाज भिंतीला धरून खडकांकडे लांब लांब जात राहिले. मग एका जागी दोन्ही एकदम थांबले. त्यापुढे मला फक्त समुद्र ऐकू आला. बराच वेळ.

मुलं त्यांना शोधत ओरडत सुटली, तेव्हा कुठे दोघं आले. गाइडताईला मुलीने फुंकरचं दार समजावून सांगितलं, दांडा दाखवला. ताई आधी "असं कसं" म्हणाली, मग दोन्ही चाकं फिरवून पाहिली, मग माझ्या उंबऱ्यावर डोक्याला हात लावून बसली. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ती खरी गोष्ट सांगते. आता लोक चुकचुकायचे थांबले आहेत. ते माझ्या मळक्या दारापाशी जरा वेळ उभे राहतात. एवढ्यासाठी मी गंजायचा राहिलो, असं मला वाटतं.

माझी हल्लीची स्थिती म्हणाल तर ठीक आहे. तळाचा पत्रा पातळ झालाय, पावसाळ्यात सांधे कुरकुरतात, वय झालं. आता काही भल्या लोकांनी ठरवलंय की माझा दांडा काढून टाकावा. दोन्ही दारं उघडी ठेवली की पाहुण्यांना इकडून आत शिरून तिकडून बाहेर पडता येईल, रांग लागणार नाही, मागे समुद्र धरून फोटोही छान येतील. त्यांच्या मनात काही वाईट नाही, हे मला कळतं.

पण माझं एवढं ऐका. माझ्या पोटावर टिचक्या मारा, आत शिरून "ओ" करा, हवं तर मला जाड्या म्हणून हसा. फक्त त्या दांड्याला हात लावू नका. फुंकर आणि घडीवाली त्याच्या दोन टोकांना होती. पलीकडच्या माणसाला भेटायचंच असेल तर भिंतीला धरून थोडं चाला. टोकाचं फाटक आता दिवसभर उघडं असतं.